बिनतोटीचा नळ

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जो सार्वजनिक नळ होता, तो कुणी बंद केला, हे तुम्ही कधी विचारलंय?

विचारलं असेल तर उत्तर मिळालं असेल की सरकारने केला, पाणीपुरवठ्याच्या दफ्तराने केला, उन्हाळा होता म्हणून केला. आमच्या गल्लीपुरतं खरं उत्तर मला माहीत आहे. तो मी बंद केला. पाना दुसऱ्याच्या हातात होता, पण अर्ज माझ्या अक्षरात होता. आणि तो मी पाणी वाचवण्यासाठी लिहिला होता.

आमची गल्ली मदन महलच्या टेकडीखाली आहे. वर काळे, गोल, एकावर एक टेकलेले दगड. दगडांच्या मध्ये जिथे सपाट जागा सापडली तिथे वस्ती. खाली आम्ही, फाटकवाले आणि गच्चीवाले. गल्लीतली निम्मी घरं मराठी. कुणाचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथेच राहिले, कुणी आमच्यासारखे अमरावतीकडून पोटासाठी आले. राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा आजोबा रेषेच्या या बाजूला उरले. तेव्हापासून आमचं घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी.

बाबा खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला बसने जायचे आणि येताना पिशवीत पर्चे घेऊन यायचे. कामगारांच्या मागण्यांची पत्रकं ते स्वतः लिहीत. उरलेले गठ्ठे घरी येत. फडताळात डब्यांखाली पर्चे, माझ्या वह्यांना कव्हर पर्च्यांचं, गणितं पर्च्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. इतर मुलं बडबडगीतं म्हणत तेव्हा मी ‘साथियो’ने सुरू होणारे परिच्छेद घडाघडा म्हणायची आणि पाहुणे हसायचे. बाबा शिकवायचे, पत्रकात माणसाचं नाव घालायचं नाही, प्रश्न घालायचा. नाव घातलं की भांडण त्या माणसाशी होतं. म्हणून इथेही कुणाचं नाव नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मला माझा प्रश्न सापडला. पाणी.

गल्लीला पाणी सकाळी तासभर यायचं. त्या तासात आमच्या गल्लीतल्या मराठी घरांमध्ये एक विधी चालायचा, ज्याला कुणी विधी म्हणत नसे. कालचं पाणी ओतून द्यायचं. माठातलं, पिंपातलं, तांब्याच्या घागरीतलं, जे काल याच नळातून आलं होतं आणि रात्रभर झाकून ठेवलं होतं, ते सगळं शिळं. ते मोरीत ओतायचं, भांडं चिंचेने घासायचं आणि त्याच नळाचं आजचं पाणी भरायचं. आई यात गल्लीत पहिली. नळाने पहिली गुरगुर केली की तिचा माठ मोरीवर आडवा.

“आई, हे पाणी नासलं का एका रात्रीत?” मी विचारायची.

“काहून ओरडून राहिली सकाळी सकाळी?”

“उत्तर दे ना.”

“शिळं आहे ते. देवाले शिळं पाणी घालू? तुझ्या बापाले शिळं पाणी पाजू?”

“धरणात महिनोन् महिने साचून असतं, ते ताजं?”

“धरण माझ्या घरात नाही ना बाप्पा. सरक तिकडे, पाणी जाईल.”

मी माठाचं, पिंपाचं, घागरीचं पाणी मनात मोजायची, त्याला गल्लीतल्या घरांनी गुणायची आणि चिडायची. आईला मी हरवू शकले नाही. मी बघत असले तर ती शिळं पाणी तुळशीला घालायची, मी आंघोळीला गेले की मोरीत. आईशी हरलेली मुलगी गावाला सुधारायला निघते. माझं तेच झालं.

गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला लागून, जमिनीतून एक लोखंडी पाइप वर आलेला होता. त्याला तोटी नव्हती. पाणी आलं की तो तासभर पूर्ण धारेने वाहायचा. टेकडीवरच्या वस्तीतल्या बायका तिथे भरायच्या, पण दोन भांड्यांच्या मधलं पाणी खाली सांडायचं, त्याचा ओहोळ रस्त्यावर यायचा आणि त्यात म्हशी उभ्या राहायच्या. आमच्या गच्चीवरून ते सगळं दिसायचं. मोरीत गेलेलं पाणी दिसत नाही. रस्त्यावर वाहिलेलं दिसतं, आणि त्याचा राग येणं फार सोपं असतं.

त्या नळावर भरणाऱ्यांपैकी एकीला मी रोज भेटत होते. ती आमच्याकडे भांडी-धुणं करायची. गल्लीतल्या आणखी दोन घरांतही करायची. मी तिला मौसी म्हणायची. चाळिशीची, हडकुळी, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. नवरा होता, पण दमेकरी, पायऱ्याही चढू न शकणारा. घर तिच्या तीन घरांवर चालायचं, आणि तिची तीन घरं त्या नळावर चालायची.

हे कसं, ते सांगते. सगळ्या घरांना बाई हवी असायची ती पाणी असताना, म्हणजे त्याच तासात. तिला स्वतःचं पाणी भरायचं तेही त्याच तासात. मग वस्तीतल्या बायकांनी एक रीत काढली होती. पहाटे येऊन आपले कुप्पे, म्हणजे प्लॅस्टिकचे कॅन, नळापुढे रांगेत लावायचे आणि कामावर जायचं. ज्या एक-दोघी कामाला जात नसत त्या नळाशी थांबून सगळ्यांचे कुप्पे पुढे सरकवायच्या. एखादीची पाळी जवळ आली की हाक जायची. आमच्या स्वयंपाकघरात रोज ती हाक यायची: “ओ भौजी! नंबर आ गओ!” मौसी हातातलं भांडं तसंच ठेवायची, साबणाच्या हातांनी पळायची, कुप्पे भरून खांबाशी उभे करायची आणि परत येऊन तेच भांडं घासायला घ्यायची. घरी नेणं कामानंतर. नळ गल्लीच्या तोंडाशी होता म्हणून हे जमत होतं. तो तिथे नसता तर तिला पाणी आणि काम यातलं एक निवडावं लागलं असतं.

मी ही हाक वर्षानुवर्षं ऐकली होती. तिच्या तालावर मी दात घासले होते. आणि तरीही मी ते पत्रक लिहिलं.

पत्रक हिंदीत होतं, कारण गल्लीत सगळेच मराठी नव्हते. ते मी चांगलं लिहिलं होतं, हे आजही म्हणते. तोटी तीनदा बसवली आणि तीनदा नाहीशी झाली, असं मी त्यात लिहिलं. ज्यांना पाण्याची किंमत नाही त्यांनी ती उपटली, असं लिहिलं. रोज सांडणाऱ्या पाण्यात किती घरांची तहान भागेल, असा प्रश्न विचारला. टेकडीवरच्या एकाही बाईला मी यातलं काहीही विचारलेलं नव्हतं.

चैत्र होता. आमच्या शेजारच्या काकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गौर मांडलेली, कलिंगडाची कमळं कापलेली, वाटल्या डाळीच्या बशा, पन्ह्याचे पेले. काकू हौशी होत्या. म्हणाल्या, “या वर्षी नुसतं खाणं नको, काही विचार पण हवा. तू तुझं ते पत्रक वाच.” मी वाचलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एका आजींनी डोळे पुसले. मग अर्ज काढला, तोही मीच लिहून नेला होता. मजकूर पत्रकाचाच, शेवटी ‘सदर नळास तोटी बसवावी’ एवढीच मागणी.

आतल्या खोलीतून काका बाहेर आले. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले होते आणि अजून कागद हातात आला की उभे राहून वाचायचे. चष्मा वर करून म्हणाले, “अगं, तू लिहितेस छान, पण तुला दफ्तर माहीत नाही. तोटी बसवतील आणि महिन्याने परत तेच. पर्याय द्यावा लागतो. लिही, अन्यथा नळ बंद करावा. मग बघ कसे धावतात.”

“पण काका, बंद केला तर...”

“बंद कोण करतंय? धाक असतो तो. धाकाशिवाय काम होतं का कुठे?”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर ते वाक्य मला आवडलं. माझ्या अर्जाला दात आले. मी ते तिथेच, गौरीसमोर बसून, माझ्या अक्षरात लिहिलं. मग एकेक बाई हळदीकुंकू लावून घेत होती, ओटीत हरभरे घेत होती आणि अर्जावर सही करत होती. एकीच्या सहीवर पन्ह्याचा थेंब पडला. सगळ्या हसल्या.

मागच्या अंगणात पेले विसळायला मौसी बसलेली होती. काकूंकडचं कामही तिचंच होतं. मी रिकामे पेले घेऊन मागे गेले तेव्हा तिने विचारलं, “काए बिटिया, आज का भाषन दे रही थीं? बड़ी तालियाँ बजीं.”

“पानी बचाने का, मौसी.”

“अच्छा है,” ती म्हणाली. “बचाना चाहिए.” आणि पुढचा पेला घेतला.

मी तिच्यासमोर उभी होते. अर्ज आतल्या खोलीत होता, दहा पावलांवर. तिला सांगावं असं मला सुचलंच नाही. लपवायचं नव्हतं. तिचा या कागदाशी काही संबंध आहे, हेच डोक्यात आलं नाही.

डोक्यात आलं ते बाबांच्या. संध्याकाळी त्यांनी अर्ज वाचला. कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

“सह्या कोणाच्या?”

“गल्लीतल्या सगळ्यांच्या.”

“नळावर भरतात त्यांच्या?”

“बाबा, त्यांना लिहिता येत नाही.”

“अंगठा तर आहे ना.”

“उद्या द्यायचा आहे हा. काकांच्या ओळखीचा साहेब उद्याच आहे दफ्तरात.”

बाबांनी चष्मा घडी करून डबीत ठेवला. “मग दे,” म्हणाले. त्यांनी मला थांबवलं नाही, याचा राग मला त्यांच्यावर अजून आहे. मला वाटतं त्यांना वाटलं असावं, आपलीच पोरगी, आपल्याच पर्च्यांवर वाढलेली, तिला कळेल.

मला नाही कळलं.

वैशाखात पाणी आणखी कमी झालं. आमच्या शहराला नर्मदा आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना भेड़ाघाटला नेतो, संगमरवराच्या कड्यांमधून नावेत फिरवतो आणि एवढ्या पाण्याचे फोटो काढून घरी येतो, तर घरी नळ खोकत असतो. त्या दिवसांत दफ्तराला काहीतरी केलेलं दाखवायचं असणार. मोटर लावून पाइपातलं पाणी ओढणाऱ्यांची घरं तपासणं कष्टाचं होतं. माझा अर्ज तयार होता.

दोन माणसं हातगाडी घेऊन सकाळीच आली, पाणी यायच्या जरा आधी. मी गच्चीवर होते. त्यांनी रांगेतले कुप्पे बाजूला सारले, पाइप खालून कापला आणि उरलेल्या तोंडावर लोखंडी झाकण आवळून बसवलं. सगळ्याला मिळून एखाद्या कप चहाइतका वेळ लागला असेल. बायका ओरडत होत्या. मी खाली आले.

मौसी आमच्या स्वयंपाकघरात कढई घासत होती. तिचा कान नेहमीसारखा बाहेर होता. ओरडा ऐकून ती उठली आणि आम्ही दोघी एकदमच फाटकाबाहेर पडलो.

“काए भैया, जे का कर दओ?” तिने विचारलं.

“हमने नहीं किया अम्मा, ऊपर से आर्डर है. मोहल्ले वालों की अर्ज़ी है.” त्या माणसाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझ्या अर्जाची नक्कल होती.

“कौन मोहल्ले वाले? हम नईं हैं का मोहल्ले में?”

“पढ़ लो.”

तिने कागद घेतला आणि सरळ माझ्याकडे दिला. सगळ्या बायका माझ्याभोवती जमल्या. “बिटिया, तुम पढ़ के बताओ. का लिखो है?”

मी वाचलं. माझंच वाक्य न् वाक्य, माझ्याच आवाजात. पाण्याची किंमत नसलेले लोक. उपटलेली तोटी. अन्यथा नळ बंद करावा. काकूंकडे वाचताना मी जिथे थांबले होते तिथेच थांबत होते, कारण लिहितानाच मी ते थांबे ठरवले होते.

“तोटी?” एक म्हातारी म्हणाली. “तोटी तो हमई ने निकारी थी. तोटी से पानी आतो कहाँ है? जब से जे घरों में मोटरें लगीं, नल सुर्र-सुर्र करत है. पूरो मुँह खोलो तब जाके कुप्पा भरत है.”

 हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलं नव्हतं. गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात मोटर होती. पाइपातून थेट पाणी ओढायला मनाई होती, तो नियम सगळ्यांना तोंडपाठ होता आणि सगळे मोटर लावायचे, कारण शेजाऱ्याने लावली होती. आमच्याकडे मोटर नव्हती, बाबांनी लावू दिली नव्हती, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता! ज्यांनी अर्जावर सह्या केल्या त्या बहुतेक घरांत त्या क्षणी, नुकतंच पाणी आलेलं असल्याने, आम्ही उभ्या होतो तिथपर्यंत ऐकू येईल अशा, मोटरी चालू होत्या.

“नीचे नाम किसका है?” मौसीने विचारलं. “किसने लिखी है?”

“बहुत सारे नाम हैं,” मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. मी कागदाची घडी घातली आणि त्या माणसाला परत दिला. आयुष्यात मी अनेक सभांत अनेकांना भित्रे म्हटलंय.

त्यानंतरचा महिना मी जवळून पाहिला. दुसरा नळ स्टेशनच्या बाजूला होता, चढ-उतार करून बराच लांब, आणि तिथेही पाणी त्याच तासात यायचं. मौसी आधी तिकडे जाऊन मग कामावर येऊ लागली. ती यायची तेव्हा गल्लीतलं पाणी गेलेलं असायचं. साठवलेल्या पाण्यात भांडी घासून घ्यायला बायका नाखूश. एका घराने आठ दिवसांत दुसरी बाई लावली.

एके दिवशी ती लवकर आली, रिकामे कुप्पे घेऊन. आई माठ मोरीवर आडवा करत होती.

“भाभी जी, जे पानी आप फेंकती हो ना, हमें दे दओ करो.”

आई थबकली. “अरे, ये तो बासी पानी है.”

“हओ, तो का भओ?”

“बासी पानी किसी को पीने को देते हैं क्या? पाप लगता है.” आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, हळू, “मी नाही बा देत. दारी आलेल्याले शिळं पाणी! कोणी करते का असं?”

माझ्या आईच्या डोळ्यांत खरोखर संकोच होता. ती दुष्ट बाई नाही. तेच पाणी मोरीत ओतताना तिला काही वाटत नव्हतं, आणि तहानलेल्याला ते देणं मात्र तिला अपमान वाटत होता, मौसीचाही आणि स्वतःचाही. तिने कालचं पाणी ओतून दिलं, नळ सोडला आणि ताज्या पाण्याच्या दोन बादल्या मौसीला दिल्या. मौसी ओतलेल्या पाण्याकडे बघत होती.

“अजीब लोग हो आप लोग,” ती म्हणाली. हसली नाही.

काकूंनी असा घोळ घातला नाही. त्या व्यवहारी. त्यांनी दोन कुप्पे रोज द्यायचं कबूल केलं आणि त्याच्या बदल्यात फाटकापासून पायऱ्यांपर्यंतचं अंगण रोज धुऊन मागितलं. नळाच्या पाण्याने. पाइप लावून. मी ते गच्चीवरून पाहत असे: पाण्यासाठी एक बाई पाण्याने फरशी धुते आहे आणि फाटकावर माझ्याच हातचा कागद चिकटवलेला आहे, ‘जल है तो कल है’.

तो कागद मी एका दुपारी फाडला. काकूंनी विचारलं तेव्हा मी त्यांना म्हणाले, “मोटर बंद ठेवा, मग नवीन लावते.” तेव्हापासून त्यांच्याकडच्या हळदीकुंकवाला मला बोलावणं येत नाही.

मौसीला मी शेवटी सांगितलं. ती धुणं वाळत घालत होती. मी म्हणाले, “वो अर्ज़ी मैंने लिखी थी.”

तिने पिळलेली चादर झटकली. थेंब माझ्या तोंडावर उडाले.

“पता है,” ती म्हणाली. “जिस तरह बाँच रही थीं, बिना अटके. अपनो लिखो ही ऐसे बाँचो जात है.”

“तो कुछ बोलीं क्यों नहीं?”

“का बोलते? तुम बोल रही थीं ना सबकी तरफ़ से.” तिने चादरीला चिमटा लावला. “अब एक और लिख दो. खुलवाने की. जितनी अच्छी बंद करवाने की लिखी, उतनी ही अच्छी लिखना.”

ती रडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तिने मला काम सांगितलं.

मी लिहिला दुसरा अर्ज. नळ परत सुरू करावा, मोठ्या तोंडाची तोटी बसवावी, आणि त्या तासात गल्लीतल्या मोटरी बंद ठेवाव्यात. तो घेऊन मी त्याच घरांत गेले. तीच माणसं, त्याच खुर्च्या, पन्ह्याच्या जागी चहा.

“अगं, आता कुठे वरच्या टाकीपर्यंत पाणी चढतंय,” एक म्हणाली.

“तिथे किती घाण व्हायची, आठवतंय ना?”

“तूच तर म्हणालीस त्यांना किंमत नाही म्हणून. आम्ही तुझं ऐकून सही केली हो.”

मी कागद उचलून पुढच्या घरी गेले. काका तर मनापासून गोंधळले. “एकदा मंजूर झालेल्या अर्जाविरुद्ध अर्ज? लोक काय म्हणतील? आणि मोटरीचं कशाला घातलंस यात? आपल्याच माणसांना अडचणीत आणतेस?”

“तो नियम आहे काका.”

“नियम असतो गं. सगळेच पाळायला बसले तर पाणी कोणाला मिळेल?”

हे ते गंभीरपणे बोलले.

घरी माझ्या सहीखाली बाबांनी सही केली. आईने कागद हातात घेतला, मोटरींची ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, “सगळ्या बायका माझ्याशी बोलणं सोडतीन.” मग पदराला हात पुसून सही केली. त्यानंतर मी आणि मौसी वरच्या वस्तीत फिरलो. या वेळी शाईची डबी नेली होती. अंगठे भरपूर झाले.

दफ्तरातल्या माणसाने कागद चाळला. अंगठे बघून त्याने बोटाने टिचकी मारली. “ये तो ऊपर वाले हैं. इनका तो वहाँ घर ही लिखा-पढ़ी में नहीं है. मोहल्ले के दस्तखत कहाँ हैं?”

“ये तीन हैं.”

“पिछली बार तो पूरा मोहल्ला था.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “लिखावट पहचानी-सी लग रही है.”

अर्ज अजून तिथेच आहे. मी दर महिन्याला जाते. ‘विचाराधीन’ असं सांगतात.

मौसीने पावसाळ्याआधी आमचं काम सोडलं. काकूंचंही सोडलं. आता ती स्टेशनकडच्या नळाजवळच्या घरांत काम शोधते, कारण आधी नळ बघावा लागतो, मग घर. निरोप घ्यायला आली तेव्हा आईने तिला साडी दिली आणि ती म्हणाली, “साड़ी का करेंगे भाभी जी, चलो दे ही रही हो तो दे दओ.” मला म्हणाली, “अर्ज़ी का बताना.” मी अजून काही सांगू शकलेले नाही.

खांबाजवळ आता कोरडं आहे. म्हशी येत नाहीत. गल्ली स्वच्छ दिसते, असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. मोऱ्यांमधून सकाळी पाणी वाहतं ते जमिनीखालून जातं.

मी पाणी वाचवण्याच्या विरोधात नाही. आजही टपकणारा नळ दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. पण माझ्यासारखी तरुण, चांगल्या अक्षराची, चांगल्या हेतूची माणसं तुमच्याही गल्लीत आहेत आणि ती लवकरच तुमच्या दारी येतील. त्यांच्या हातात पाणी वाचवण्याचा कागद असेल, त्यात एकही वाक्य उघड खोटं नसेल, आणि तुम्हाला फक्त सही करायची असेल.

तेव्हा एवढं करा. कागद हातात घ्या आणि लगेच सही करू नका. दुसऱ्या दिवशी पाणी यायच्या वेळी घरातली मोटर बंद करून तो कागद घेऊन नळापर्यंत चालत जा. तिथे रांगेत जी पहिली बाई असेल तिला तो पूर्ण वाचून दाखवा, एकही ओळ न गाळता. ती काय म्हणते ते त्याच कागदावर, तुमच्या सहीच्या जागी, लिहा.